भांड्यावरचं नाव

लग्नाच्या आहेरात आलेलं भांडं नावाशिवाय नसायचं. पितळी डबा असो, तांब्या असो की पुढे आलेलं स्टीलचं पातेलं, दुकानदार बांधून देण्याआधी विचारायचाच, "नाव घालायचं ना?" मग नाव घालणारा छोट्या छिन्नीवर हातोडी टिकटिक वाजवत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटवायचा : अमक्यांकडून सप्रेम भेट, खाली तारीख. विजेचं यंत्र आल्यावर ठिपक्यांच्या जागी वळणदार रेघ आली.

यात मिरवण्याची हौस होतीच. वाटी एवढीशी आणि तिच्यावर अख्खं कुटुंब! मामाची कळशी मोठी की आत्याची, यावरून रुसवेफुगवे व्हायचे. आहेराची वही तर घरोघरी जपलेली असे, कारण फेड त्याच तोलाची करायची. हुंडाबंदी कायदा १९६१ चा. त्याखालच्या १९८५ च्या नियमांनी भेटवस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं यांची यादी ठेवायला सांगितलं. आपल्या आज्यांच्या वहीत यातलं बरंचसं आधीपासूनच असायचं.

पण ती हौस रोजच्या वापरात राहायची. शेजारी आमटी गेली, तरी नावामुळे वाटी बिनचूक घरी यायची. दूध तापवताना मावशीची आठवण निघायची. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की मुलीचं माहेरचं नाव मागे पडायचं. सासरी ते कुणाच्या तोंडी नसे. मात्र मैत्रिणींनी दिलेल्या डब्यावर 'चि. सौ. कां. कुसुम' तसंच राहायचं.

आता पत्रिकेवरच 'कृपया आहेर आणू नये' असतं. घरं लहान झाली, भांडी ठेवायची कुठे, हे खरंच आहे. उरलं पाकीट, नाहीतर क्यूआर कोड. मिरवण्याची हौस मात्र गेलेली नाही. ती फ्लेक्सवर आणि स्टेजवरच्या फोटोच्या रांगेत गेली. फ्लेक्स चार दिवसांत उतरतो, पाकीट त्याच रात्री फाटतं. मिरवायचंच असेल, तर जुनी तऱ्हा मला उजवी वाटते.

माळ्यावरची जुनी भांडी मोडीत घालणार असाल, तर आधी उलटीसुलटी करून नावं वाचा. त्यातली कुसुम कोण, हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारून घ्या.