ध्रुव उतरतो, अगस्ती चढतो

सह्याद्री मागे टाकून दक्षिणेकडे निघालं की आकाशही आपल्याबरोबर कलत जातं. पुण्याला क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असणारा ध्रुवतारा तंजावरला जेमतेम अकरा अंशांवर येतो, आणि तो जेवढा उतरतो तेवढाच समोर अगस्ती चढतो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी आलेल्या मराठी घरांनी नदी बदललेली पाहिली, शेजारची भाषा बदललेली ऐकली. रात्री अंगणात आडवं झाल्यावर हा बदलही त्यांच्या नजरेला पडला असेल. मला तंजावरची ओढ आहे ती मोठ्या देवळाइतकीच या कललेल्या आकाशाची.

याच आकाशात मी ज्याची छायाचित्रं घेतो तो कॅरिना तेजोमेघ मार्चच्या सुरुवातीला मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला सगळ्यांत उंच येतो. ही उंची तंजावरहून सुमारे २० अंश, पुण्याहून १२. फरक आठच अंशांचा. पण १२ अंशांवरून येणाऱ्या प्रकाशाला डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने पावणेपाच पट हवा ओलांडावी लागते, २० अंशांवर तिप्पट. मधली हवा वाचते, तेवढा रंग हाती लागतो.

शहराचा उजेड पाठीशी राहावा म्हणून दक्षिणेला, ओरतनाडूच्या बाजूला जायचं. तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावानं उभारलेलं छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, तिथलंच. भात कापून झालेली शेतं, डोंगराचं नाव नाही, क्षितिज जमिनीला टेकलेलं. दव मात्र असं पडतं की लेन्सभोवती गरम पट्टी गुंडाळल्याशिवाय तासभरही काम होत नाही. आणि ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरचा अक्ष जुळवायला हवा असतो ध्रुवतारा. तो इथे ताडांमागे, धुरकटीत बुडालेला. दक्षिणेचं वैभव टिपायचं तर आधी उत्तरेला वळून तो मिणमिणता तारा शोधत बसावं लागतं. मला हे शोधणं फार प्रिय आहे.

नुसत्या डोळ्यांना कॅरिना म्हणजे आकाशगंगेतला एक उजळ, राखाडी डाग. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत, आणि गडद लाल तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. तेजोमेघातला हायड्रोजन नेमका त्याच लालीत, ६५६.३ नॅनोमीटरवर, झळकतो. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची काचही या लालीचा बराच भाग अडवते. म्हणून आकाशवेडी माणसं ती काढून वेगळी काच बसवून घेतात. मग एकेक मिनिटाच्या फ्रेम घेत राहायचं. सोळा फ्रेमची सरासरी काढली की नॉइज चौथाईवर येतो आणि त्याखालून लाली वर येते. हा रंग संगणकानं फासलेला आहे, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. तो तिथे असतोच. आपले डोळे क्षणाचा प्रकाश क्षणात खर्च करून मोकळे होतात, कॅमेरा तो साठवत जातो.

लालीच्या पोटात निळसर हिरवी झाक असते, तिची गोष्ट तर आपल्या घरची. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा चालवणाऱ्या कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी १८९० च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात हीच हिरवी रेषा तपासली होती. ती कशाची, हे तेव्हा जगात कुणालाच उलगडलं नव्हतं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवलं. पुण्याची ती वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडैकानलला गेली. तीही मराठी मुलखातून तमिळ देशी आली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

तेजोमेघाच्या गाभ्याशी ईटा कॅरिनी आहे. १८४३ साली हा तारा इतका भडकला की अगस्तीलाही मागे टाकून व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला. तंजावरच्या गादीवर तेव्हा सरफोजींचे पुत्र, शेवटचे शिवाजीराजे होते. त्या वसंतात राजवाड्याच्या गच्चीवरून कुणी दक्षिणेला पाहिलं असेल, तर त्याला अगस्तीच्या डावीकडे आणखी एक प्रखर तारा दिसला असेल. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडीच्या कागदांत याची एखादी ओळ निघावी, अशी माझी फार इच्छा आहे. मोडी वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

माझ्या चित्रात आज तोच तारा एक नारिंगी ठिपका आहे, शेजारून धुळीची काळी पट्टी गेलेली. आता डोळ्यांपुढे आहे तो टॅरंटुला तेजोमेघ, आपल्या दीर्घिकेच्याही बाहेरचा, एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवरचा. पुण्याहून तो क्षितिजाच्या जेमतेम अडीच अंश वर येतो, तंजावरहून दहा, कन्याकुमारीहून तेरा. ईशान्येचा पाऊस सरला की जानेवारीत, त्या तीन अंशांसाठी, ट्रॅकर घेऊन आणखी खाली उतरायचं आहे.