तीन शब्दांचा अर्थ

नाशिक जिल्ह्यातील चांदवड हे माझे गाव. मुंबई-आग्रा रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी ते वसले आहे. गावात अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. जवळच डोंगरात रेणुकामातेचे मंदिर आहे. गावात हिंदू, मुसलमान, जैन अशी अनेक धर्मांची माणसे राहतात. आमचे घर ख्रिस्ती.

1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्याच वर्षी माझे वडील वारले. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तिच्या हातांना फोड येत. आम्ही तांबड्या मिलोची भाकरी खात असू.

एका रात्री मी आईला विचारले, "आई, देव आपल्याला विसरला का ग?"

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मलाही कधी कधी तसेच वाटते, बाळा. पण लक्ष्मीबाई टिळकांनी काय कमी सोसले?" आणि तिने मला त्यांची हकीकत सांगितली.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. कवी नारायण वामन टिळक हे त्यांचे पती. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, पण धर्म त्यांनी लगेच बदलला नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला आहे, हे त्यांना स्वतः विचार करून पटले. मग 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतिपत्नींनी अनाथ मुलांना घरात घेऊन सांभाळले. 1919 साली टिळक वारले. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण केले आणि 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिले. त्यात दुःख पुष्कळ आहे, पण हसूही तितकेच आहे.

विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन शब्द मी रविवारच्या प्रार्थनेत अनेकदा ऐकले होते. संत पौलाने आपल्या एका पत्रात या तिन्हींत प्रीतीला श्रेष्ठ मानले आहे. या शब्दांचा अर्थ मला त्या दुष्काळात समजला.

आई रोज पहाटे प्रार्थना करून कामाला निघे. तो विश्वास होता. नातेवाईक तिला म्हणाले, "पोरालाही कामावर ने. चार पैसे जास्त मिळतील." आईने माझी शाळा सोडवली नाही. ती आशा होती.

आणि प्रीती? ती शेजारच्या चाचींच्या घरी होती. आई कामावर गेली की माझ्या धाकट्या बहिणीला त्या सांभाळत. त्यांच्याही डब्यात पीठ मोजकेच असे. तरी पहिली भाकरी बहिणीला मिळे. एकदा आई म्हणाली, "चाची, हे उपकार मी कसे फेडू?" चाची म्हणाल्या, "भाभी, लेकराला भूक लागली की ते कोणाचे, हे कोणी विचारते का?"

पुढच्या वर्षी पाऊस आला. विहिरींना पाणी आले. वडील मात्र परत येणार नव्हते. माणसाला शहाणे करण्यासाठी संकट येते, असे मी म्हणणार नाही. पण अंधारात कोणी आपला हात धरला, तर तो हात माणूस जन्मभर विसरत नाही. मग आपणही कोणाचा तरी हात धरायला शिकतो.