चिमणीचं दार

चिमणी सहसा स्वतःचं घर बांधत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, कारण लहानपणापासून आपण तिच्या घराच्या गोष्टी ऐकत आलोय. पण खरं तेच आहे. सुगरण घर विणते, तांबट चोचीने लाकूड कोरून घर करतो. चिमणी बहुतेक वेळा फक्त आतली गादी करते... गवत, पिसं, दोऱ्याचे तुकडे, मिळेल ते. भिंती आणि छप्पर तिला सहसा आयतं लागतं. थोडक्यात, चिमणी आयुष्यभर भाडेकरू. तिला हवं असतं ते एक भोक.

आमच्या भंडारा जिल्ह्यात अशी भोकं पूर्वी फुकट मिळायची. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, आणि भिंत व कवेलूंच्या मधे चारपाच बोटांची फट. घरात धान साठवलेलं, अंगणात सडा, सांदवाडीत किडे-अळ्या. चिमणीला आणखी काय पाहिजे? लाखनीजवळच्या गावात माझ्या मावशीचं घर असंच होतं. सकाळी चिमण्यांच्या गलक्याने जाग यायची आणि जेवताना ताटात काड्या पडायच्या. त्याबद्दल कुणी तक्रार करत नसे.

आता तिथे स्लॅबचं घर आहे. त्यात वाईट काही नाही, हे आधीच सांगतो. पावसाळ्यात रात्री उठून घरभर भांडी मांडत फिरणं ज्याने केलंय, त्याला कवेलूंच्या घराचं कौतुक सांगू नये. मावशी खूश आहे. फक्त एकदा म्हणाली, "घर पक्कं झालं बापा, पन चिमन्या गेल्या." पक्कं घर म्हणजे फट नसलेलं घर. व्याख्याच ती आहे.

मग कुठल्याशा कार्यक्रमात फुकट वाटलेली एक लाकडी पेटी घरात आली. पिवळा रंग, लाल छप्पर, समोर गोल भोक आणि भोकाखाली पक्ष्याला बसायला एक छोटी दांडी. चित्रात असते तशीच. भोक एवढं मोठं की लिंबू आरामात आत जावं. पहिल्या वर्षी त्यात साळुंकी शिरली. दुसऱ्या वर्षी चिमण्यांची जोडी आली, अंडी घातली, पिल्लं झाली. मावशीची नात पाचवीत होती, ती रोज शाळेतून आल्यावर पेटीखाली उभी राहून आवाज ऐकायची. एका दुपारी तिच्यासमोरच कावळा आला, दांडीवर नीट पाय रोवून बसला, भोकातून डोकं आत घातलं आणि एक पिल्लू घेऊन गेला. थोड्या वेळाने परत आला, दुसरं घेऊन गेला.

कावळ्याचा राग करण्यात अर्थ नाही, त्याच्याही घरी पिल्लं असतात. पण मावशीने ती पेटी उतरवून ठेवली. मला हे सांगताना म्हणाली, "आपनच बोलावलं ना तिले?"

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. चिमणी जागा पारखते, पण पारखते म्हणजे काय? आत अंधार आहे, आडोसा आहे, आपल्याला शिरता येतं. तिच्या हिशोबात तेवढं पुरतं. दांडी कावळ्याला उपयोगी पडेल, तळ भोकाच्या फार जवळ आहे, हे तिला कळणार नाही. ते आपल्याला कळायला हवं. म्हणजे वाईट दाराची पेटी ही पेटी नसण्यापेक्षाही वाईट. पेटी नसती तर ती दुसरीकडे कुठे तरी गेली असती.

म्हणून दाराचा विचार करायला लागलो. आपल्या घरचिमणीला साधारण ३२ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंचाचं भोक पुरतं. साळुंकी त्यातून जात नाही, कावळ्याचं डोकंही नाही. हे माप घरच्या घरी तपासायची एक सोपी युक्ती आहे. कॅरमची सोंगटी जास्तीत जास्त ३.१८ सेंटिमीटर व्यासाची असते आणि स्ट्रायकर ४.१३ पर्यंत. सोंगटी जेमतेम पार झाली आणि स्ट्रायकर अडला, की दार बरोबर! :)

माप झालं तरी दार पूर्ण होत नाही. भोक तळापासून निदान पाच-सहा इंच उंच हवं, म्हणजे पिल्लं खोलात राहतात आणि मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच तिथवर पोचत नाही. भोकावर बाहेरून आणखी एक जाड फळी, तसंच भोक पाडून, ठोकली तर दाराचा छोटा बोगदा होतो आणि आत हात घालणं आणखी अवघड होतं. कडा कानस मारून गुळगुळीत करायच्या, कारण चिमणी दिवसातून शेकडो वेळा आत-बाहेर करते आणि प्रत्येक वेळी तिची पिसं त्या कडेला घासतात. खार दार कुरतडून मोठं करते, म्हणून काही जण भोकाभोवती पत्र्याची चकती लावतात. ठीक आहे, पण पत्र्याची धार आधी घासून घ्यायची. आतल्या बाजूने मात्र फळी गुळगुळीत नको. दाराखाली आडव्या खाचा पाडायच्या, नाहीतर उडायच्या दिवशी पिल्लू आतून वर चढणार कसं?

गावच्या वाढईकडे बसून अशी पेटी करून घेतली. भोक पाडायला त्याच्याकडे कुलूप बसवायचं गोल पातं होतंच. सगळं त्याला पटलं, एका गोष्टीवर मात्र अडला. "दांडी काहून नाही जी? मंग चिमनी बसन कुठं?"

प्रश्न रास्त आहे. पण चिमणीला दांडी लागत नाही, ती थेट भोकाच्या कडेला नखं रोवून आत शिरते. यावरून सालिम अलींची लहानपणची एक नोंद आठवते. १९०६-०७ च्या सुमाराची, त्यांच्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्रात आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली आणि बाहेर खिळ्यावर नर राखण करत बसलेला. बंदूकवाल्या मुलाने तो नर टिपला, तर थोड्याच वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर हजर! सात दिवसांत असे आठ नर त्यांनी टिपले. पुढे तोच मुलगा भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला, हा भाग वेगळा. मला त्यात खिळा दिसतो. रखवालदार नेमका कुठे बसणार हे शिकाऱ्याला आधीच माहीत. वाढईला ही गोष्ट सांगितली. तो हसला, आणि दांडी राहिली ती राहिलीच.

दाराची ही काळजी जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत पर्पल मार्टिन नावाचा, आपल्या भिंगरीच्या कुळातला जांभळट पक्षी आहे. तिथले मूळ रहिवासी त्याच्यासाठी वाळके भोपळे टांगत, आणि आज पूर्व अमेरिकेत तो जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांत राहतो. त्याच्या घरात स्टार्लिंग घुसतात. हे पक्षी १८९० मध्ये न्यूयॉर्कला युरोपातून आणून सोडलेले. त्यांना अडवायला लोकांनी गोल दाराऐवजी अर्धचंद्राकृती दार काढलं. मार्टिन पोट टेकवून सरपटत आत जातो, स्टार्लिंग अडतो. पण काही दारांत पक्ष्यांचे पंखच अडकू लागले, तेव्हा दारं पुन्हा बदलावी लागली. गंमत म्हणजे तिथल्या घुसखोरांच्या यादीत आपली चिमणीही आहे! ती १८५० च्या दशकात ब्रुकलिनला नेऊन सोडली होती. शत्रू बाहेर ठेवणारं दार घरमालकालाही सुखरूप आत-बाहेर करू देतंय ना, हे मात्र दोन्हीकडे पाहावंच लागतं.

आपल्याकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन सुरू केला आणि पेट्या घरोघरी पोचल्या. चिमणी संपत चालली असंही लोक म्हणू लागले. २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालाने सांगितलं की देशभरात तिची संख्या साधारण स्थिर आहे, घट आहे ती मोठ्या शहरांत. म्हणजे आपली एक पेटी चिमण्यांची जात वाचवणार नाही. वाचली तर त्या पेटीतली तीन-चार पिल्लं वाचतील. मला तेवढं पुरेसं वाटतं.

मावशीकडची नवी पेटी बिनरंगाची आहे. भंडाऱ्याचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून जाड लाकूड, वर हवेला फट, तळाला पाण्यासाठी बारीक भोकं आणि तोंड उत्तरेला. नऊ फुटांवर, पंख्यापासून दूर, मांजराला उडी मारता येईल असं जवळपास काही नाही. नात आता अंगणातले नायलॉनचे दोरे, मांजाचे तुकडे वेचून टाकते, कारण ते घरट्यात गेले तर पिल्लांच्या पायांना गुंडाळतात. हे काम तिचं तिनेच अंगावर घेतलंय.

तुमच्याकडे अशी पेटी टांगलेली असेल तर आजच बघा. विणीचा काळ असेल आणि आत कुणी असेल तर हात लावू नका, फक्त बाहेरची दांडी हलक्या हाताने कापून टाका. रिकामी असेल तर उतरवा आणि घरात कॅरमच्या सोंगट्या कुठे आहेत ते शोधा.