जयनगरची मंडई आणि मधमाश्यांचे ऋण

बंगळूरला गेलेला प्रवासी लालबाग पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. हैदरअलीने १७६० साली आरंभिलेल्या या बागेला पाठ करून दक्षिणेस थोडे चालत गेले की अशोकस्तंभ लागतो, आणि तेथून जयनगर सुरू होते. १९४८ साली या वसाहतीची पायाभरणी झाली. आखीव रस्ते आणि त्यांवर धरलेली झाडांची सावली हे तिचे वैभव आजही नजरेत भरते.

वाचकहो, एका सकाळी माझ्याबरोबर येथील चौथ्या ब्लॉकच्या मंडईत चला. कोलार-चिक्कबळ्ळापूरकडचे टोमॅटो, काकडी, तांबडा भोपळा, दुधी, पडवळ आणि हंगामात आंबे. या टोपल्यांची किंमत आपण विक्रेत्याला देतो. परंतु जिच्या श्रमावाचून यांतील पुष्कळ टोपल्या रित्या राहिल्या असत्या, तिला काय देतो?

भोपळ्याची नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी. एकाचे पराग दुसऱ्यापर्यंत पोचविण्याचे काम मुख्यतः मधमाश्या करतात, तेही सकाळच्या काही तासांतच. दुपारी फूल मिटते. पराग अपुरे पडले तर कोवळे फळ गळते किंवा वेडेवाकडे वाढते. टोमॅटोच्या फुलातील पराग मात्र भुंग्यासारखी मोठी माशी पंखांचे स्नायू थरथरवून झाडते. मधमाशीला ती विद्या नाही. आंब्याच्या मोहोराला साध्या माश्याच अधिक उपयोगी पडतात, तर दुधी आणि पडवळाच्या पांढऱ्या फुलांवर तिन्हीसांजेनंतर पतंग येतात. शेताचे हे सेवक असे नाना प्रकारचे आहेत.

फुलोऱ्यात असलेल्या पिकावर कीटकनाशक फवारले, की किडीबरोबर हे सेवकही मरतात. मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारावे, असा सल्ला देतात. भोपळ्याच्या मळ्यात तो योग्यच; पण दुधीच्या वेलावर तीच वेळ पतंगांची असते. म्हणून उत्तम नियम एकच: फुले उमलली असता फवारणी टाळावी. अगदी निकड असेल तर कमी घातक औषध निवडावे आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे तो पेट्या हलवील. बांधावरची फुलझाडेही राखावीत. पीक फुलावर नसताना माश्यांचा निर्वाह त्यांवरच होतो. युरोपीय संघाने २०१८ साली निओनिकोटिनॉइड गटातील तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो मधमाश्यांच्या रक्षणासाठीच.

परंतु सारा दोष बागाईतदारावर ढकलणे न्याय्य होणार नाही. डाग नसलेली काकडी आपणच निवडून घेतो आणि किंचित किडलेली बाजूला सारतो. त्या निवडीचे पडसाद मळ्यात उमटतात.

नगरवासीयांनी लक्षात घ्यावे असे आणखी एक आहे. बंगळुरातील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या संशोधकांचा आग्या मधमाश्यांविषयीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शहरातील मध्यम आणि अधिक प्रदूषित भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या एका दिवसाच्या आत मेल्या. म्हणजे मळ्यातील औषधातून वाचलेल्या माशीला शहरात आमच्या वाहनांच्या धुराशी गाठ आहे.

आमच्या इमारतीच्या सज्जाखाली एकदा आग्या मोहोळ लागले. माणसे बोलावून रात्री ते औषधाने मारावे, असा ठराव सभेत जवळजवळ झालाच होता. भीती खोटी नव्हती. डिवचलेले आग्या मोहोळ जिवावर बेतू शकते, आणि इमारतीत लहान मुले होती. अखेर असे ठरले, की त्या बाजूच्या खिडक्या मिटून घ्याव्या, रात्री तिकडचा दिवा लावू नये आणि मुलांना दगड मारू देऊ नयेत. आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करतात, हे सांगितल्यावर पुष्कळांचे समाधान झाले. काही महिन्यांनी त्या खरोखरच उडून गेल्या. मागे मेणाचे रिकामे पोळे तेवढे राहिले. कोणालाही दंश झाला नाही.

प्रत्येक मोहोळ असे राखता येईल असे नाही. दाराशीच लागलेले असेल तर जाणकाराकडून ते सुखरूप हलवून घ्यावे. पण विषाचा विचार सर्वांत शेवटी करावा. उद्या मंडईत भोपळ्याची फोड घ्याल, तेव्हा तिच्या मध्यातील बियांकडे क्षणभर पाहा. फुलावर कोणी येऊन गेल्याची ती खूण आहे.