उसाची दारू आणि गाडी

स्वीडनच्या कोनिगसेगची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ हॉर्सपॉवर द्यायची. २००७ साली त्यांनी तिचंच भावंड, सीसीएक्सआर, ई८५वर म्हणजे साधारण ८५ टक्के इथेनॉलवर आणलं, तर थेट १०१८! इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, शिवाय वाफ होताना ते आतली हवा गार करतं. त्यामुळे नॉकिंग न होता टर्बो-सुपरचार्जरचा दाब वाढवता येतो. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणजे मोठे इंजेक्टर, मोठा पंप आणि भराभर रिकामी होणारी टाकी. वर ते पाणीही शोषतं.

असो. मामा, तुमच्या उसातून आलेल्या ई२०नं माझी जुनी गाडी मात्र उधळणार नाही हो :) इंजिन त्यासाठी ट्यून केलेलं नसलं की जास्तीचं ऑक्टेन वाया, अ‍ॅव्हरेज तेवढं घटतं. रबरी नळ्या तेवढ्या बदलून घेणार आहे.