लोणी आणि हातोडा

मला मोटारसायकल चालवता येत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. वडिलांची जुनी स्कूटर वारशाने माझ्याकडे आली, पण ती मला कधीच वश झाली नाही. वडील तिला किंचित तिरकी करीत, कानाशी कुजबुजल्यासारखे काहीतरी पुटपुटत आणि पहिल्याच लाथेला ती सुरू होई. मी घामाघूम होईस्तोवर लाथा मारीत असे आणि शेजारचे जोशी गॅलरीतून मोजत असत. वडील गेल्यावर तिच्यावर चादर पडली ती पडलीच. मराठीच्या प्राध्यापकाला बस पुरते.

अशा माणसाने मोटारसायकलींच्या शर्यतींवर लिहावे हा जरा आगाऊपणाच. पण गेल्या दोन वर्षांत आमचे चिरंजीव आणि मी यांच्यात बोलण्याजोगा विषय तेवढा एकच उरला होता. दहावीला त्याला बरे गुण मिळाले; म्हणून मी त्याला अकरावी शास्त्राला आणि एका नामांकित क्लासला घातले. त्याला तंत्रनिकेतनात जायचे होते. ‘आधी बारावी, मग पाहू’ असे मी म्हणालो. त्यानंतर घरात शांतता पसरली. जेवताना ‘मीठ दे’ आणि ‘हं’ एवढाच संवाद. फक्त रविवारी दुपारी, शर्यत लागली की, तो बोले. मी नुसता शेजारी जाऊन बसायचो. विषय त्याचा, खुर्ची माझी.

आरंभी मला वाटे, ज्याची गाडी जोरात तो पहिला. यात शिकण्यासारखे काय? चिरंजिवांनी माझ्याकडे, मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे पाहतो तसे पाहिले. ‘बाबा, मोटारीत माणूस बसलेला असतो. इथे माणूस हा गाडीचाच भाग असतो.’ दीडशे किलोंच्या थोडी वर गाडी आणि साठ-पासष्ट किलोंचा माणूस. तो पुढे सरकला की पुढच्या चाकावर भार, मागे सरकला की मागच्या. वळणावर तो बुडाने, गुडघ्याने, खांद्याने गाडी वळवतो. म्हणून एकाच कारखान्याच्या दोन सारख्या गाड्या दोन माणसांच्या हाती दोन निराळ्या गाड्या होतात.

मग त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर दोन वळणे काढून दाखवली. एक गोलसर, नदीच्या वळणासारखे. यात स्वार लवकर झुकतो, ब्रेक हळूच सोडतो आणि वेग न मोडता लांब फेरा घेतो. दुसरे टोकदार, उलट्या व्ही अक्षरासारखे. यात अगदी शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक, गाडी जागच्या जागी वळवायची, उभी करायची आणि इंजिनाच्या बळावर सुटायचे. जपानच्या यामाहाचे इंजिन कित्येक वर्षे एका ओळीत चार सिलिंडर असलेले होते. ती गाडी पहिल्या वळणाची. इटलीच्या डुकाटीचे इंजिन व्ही आकाराचे, दांडगे. ती दुसऱ्या वळणाची. तपशिलात खूप फरक आहेत, पण माझ्यासारख्याला एवढे पुरे.

पहिल्या वळणाचा राजा म्हणजे स्पेनचा होर्हे लोरेन्झो. यामाहावर त्याने २०१०, २०१२ आणि २०१५ साली विश्वविजेतेपद मिळवले. त्याच्या चालवण्याला दोन शब्द चिकटले होते, लोणी आणि हातोडा. लोण्यासारखे मऊ वळण, आणि हातोड्याच्या घावासारख्या एकामागून एक तंतोतंत सारख्या फेऱ्या. मी त्याच्या जुन्या शर्यती पाहिल्या. शार्दूलविक्रीडित म्हणणाऱ्या एखाद्या जुन्या शास्त्रीबुवांची आठवण झाली. यती जिथल्या तिथे, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

हा लोरेन्झो २०१७ साली डुकाटीवर गेला. आणि शास्त्रीबुवांना कुणी पोवाड्याच्या फडात उभे करावे तशी गत झाली. त्या वर्षी त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. त्याच संघात, त्याच गाडीवर आंद्रेआ दोविझिओझोने सहा शर्यती जिंकल्या! तेव्हा गाडी वाईट होती असे म्हणायची सोय नाही. आणि तीन वेळचा विश्वविजेता एका हिवाळ्यात गाडी चालवायला विसरला असेही म्हणवत नाही.

याची उलट बाजूही आहे. इटलीचा व्हॅलेंतिनो रॉसी २००४ साली होंडा सोडून यामाहावर आला. यामाहाने आदल्या वर्षी एकही शर्यत जिंकलेली नव्हती. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढले. पण त्याने आपला ऑस्ट्रेलियन मुख्य तंत्रज्ञ जेरेमी बर्जेस बरोबर आणला, आणि यामाहाच्या इंजिनियरांनी इंजिनाचा ठेकाच बदलला. चार सिलिंडरांतले स्फोट सारख्या अंतराने होत ते विषम अंतराने होऊ लागले. त्यामुळे मागच्या चाकाची रस्त्यावरची पकड स्वाराला नीट कळू लागली. इथे मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. भुजंगप्रयाताची एकसुरी चाल मोडून लावणीचा झोल आणण्याचाच हा प्रकार! चिरंजिवांना ही उपमा अजिबात आवडली नाही. असो. दक्षिण आफ्रिकेत वेलकम येथे १८ एप्रिल २००४ रोजी, नव्या गाडीवरच्या पहिल्याच शर्यतीत, रॉसी पहिला आला. मग तो गाडी कडेला लावून तिच्याशेजारी बसून राहिला. ते चित्र मी तीनदा पाहिले.

हाच रॉसी, हाच बर्जेस, २०११ साली डुकाटीवर गेले. इटलीची गाडी, इटलीचा स्वार; सारा देश हरखला. दोन वर्षांत एकही विजय नाही. आणि तीच डुकाटी ऑस्ट्रेलियाच्या केसी स्टोनरने २००७ साली विश्वविजेती केली होती; एका वर्षात दहा शर्यती जिंकून. स्टोनर लहानपणी मातीच्या धावपट्टीवर वाढलेला. पुढचे चाक काही सांगत नसले तर तो मागचे चाक घसरवून गाडी वळवी. रॉसीला पुढच्या चाकाचे बोलणे ऐकू यायला हवे होते आणि ती डुकाटी मुकी होती. २०१३ साली तो यामाहावर परतला आणि जूनमध्ये हॉलंडात आसेनला जिंकला. माणूस तोच, वय दोन वर्षांनी वाढलेले.

‘मग लोरेन्झोचं पुढे काय झालं?’ मी विचारले. खरे तर मला माझ्याच एका गोष्टीची आठवण झाली होती. तालुक्याच्या कॉलेजातून मी शहरात आलो तेव्हा पहिली दोन वर्षे माझे तास रिकामे पडत. तिकडे ज्या व्याख्यानाला मुले खिडकीत उभी राहत, तेच व्याख्यान इथे तिघांपुढे. मी विद्यार्थ्यांना दोष दिला, जमान्याला दिला.

लोरेन्झोची तक्रार ऐकून मला हसू आले. ब्रेक लावताना सारा भार दंडांवर येतो, हात थकतात, टेकायला आधार हवा, म्हणून पेट्रोलच्या टाकीचा आकार थोडा बदला, एवढेच त्याचे मागणे. एवढ्याशा गोष्टीने विश्वविजेता अडतो? पण नवा आकार मिळाला आणि ३ जून २०१८ रोजी मुजेल्लोला तो पहिला आला. दोन आठवड्यांनी बार्सिलोनाला पुन्हा. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात पुन्हा.

‘म्हणजे जमलं म्हणायचं!’

‘नाही ना बाबा. त्यांनी त्याची वाट पाहायचं आधीच सोडलं होतं. मुजेल्लोनंतर तीन दिवसांनी तो होंडावर जाणार असं जाहीर झालं.’

होंडावर तेव्हा मार्क मार्केझ होता. टोकदार वळणाचा, कोपर जमिनीला घासणारा, पडता पडता कोपराने सावरणारा. गाडी त्याच्याच अंगच्या कपड्यासारखी बेतत गेली होती; दुसऱ्या कुणाच्या अंगाला ती बसेना. २०१९ साली मार्केझचे ४२० गुण आणि लोरेन्झोचे २८. मधे मणक्याला दुखापत होऊन त्याच्या काही शर्यती बुडाल्या हे खरे, पण ते गुण २८ च. वर्षाअखेरीस त्याने निवृत्ती घेतली. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मार्केझलाही पुढे ती होंडा परकी झाली. २०२० साली हात मोडला, विजय दुरावले. अखेर कराराचे एक वर्ष शिल्लक असताना तो बाहेर पडला, २०२४ साली एका लहान संघाच्या, आदल्या वर्षीच्या डुकाटीवर बसला आणि २०२५ साली डुकाटीच्या मुख्य संघातून पुन्हा विश्वविजेता झाला.

‘एक वर्ष आधी सोडली त्याने,’ चिरंजीव म्हणाले. माझ्याकडे न पाहता.

रात्री मी हे सौभाग्यवतींना सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘अहो, त्या लोकांना करोडो रुपये मिळतात. आपल्या पोराचं अख्खं वर्ष फुकट जाईल त्याचं काय? लोक काय म्हणतील, प्राध्यापकाचा मुलगा नापास झाला म्हणून पळाला.’ मला उत्तर सुचले नाही. वर्ष फुकट जाणार होते हे खरेच होते. क्लासची फी परत मिळणार नव्हती हेही खरे. आणि तंत्रनिकेतनात तो टिकेल याची हमी रॉसी देणार होता की मार्केझ? मी तीन रात्री नीट झोपलो नाही. चौथ्या दिवशी अकरावीचा निकाल आला. पदार्थविज्ञानात कसाबसा पास. त्याने गुणपत्रिका टेबलावर ठेवली आणि तो उभा राहिला. पूर्वी मी अशा वेळी बोलायला सुरुवात करीत असे.

‘टाकीचा आकार बदलून जमेल का?’ मी विचारले. ‘क्लास बदलू. शिकवणी ठेवू.’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘नाही बाबा. गाडीच दुसरी हवी.’

जुलैत आम्ही तिघे तंत्रनिकेतनात गेलो. यंत्र शाखेला नंबर लागला. वर्गातली बरीचशी मुले त्याच्याहून वर्षाने लहान आहेत. हे त्याला सलते, पण तो सांगत नाही. गणित तिथेही आहेच आणि पहिल्या चाचणीत त्याने फार दिवे लावले असेही नाही. सौभाग्यवती नातेवाइकांत हा विषय निघाला की अजून स्वयंपाकघरात जातात.

गणपतीच्या सुट्टीत त्याने वडिलांच्या स्कूटरवरची चादर काढली. चार दिवस जिन्याखाली वर्तमानपत्रे पसरून तिचे भाग मांडले होते. जाता येता जोशी काही ना काही सुचवीत. पाचव्या दिवशी सगळे पुन्हा जोडले, तिरकी केली, आणि तिसऱ्या लाथेला ती धडधडली. मग त्याने मला लाथ मारायला लावली. माझ्या लाथेला ती अजूनही सुरू होत नाही.

जोडणी झाल्यावर एक नट शिल्लक राहिला आहे. तो कुठला हे त्यालाही ठाऊक नाही. सध्या तो माझ्या टेबलावर, तपासायच्या उत्तरपत्रिकांवर ठेवलेला असतो.