थांबलं की बंद

वेगात असताना गाडीची काही तक्रार नव्हती. ठाण्याहून भिवंडीकडे निघून कशेळीचा पूल ओलांडेपर्यंत ती सुरळीत यायची. पुढे काल्हेर, पूर्णा मागे टाकून अंजूरफाट्याच्या अलीकडे रांग लागली, मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की आरपीएमचा काटा ८०० वरून घसरायला लागायचा. ७००, ६००. स्टिअरिंग हातात थरथरायचं, आरशातल्या गाड्या हलताना दिसायच्या, मग डॅशबोर्डवर ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागायचा आणि इंजिन बंद. रेस देत सेल्फ मारला की पुन्हा सुरू. एसी चालू असला तर हमखास बंद.

चाळिशीनंतर गाडी चालवायला शिकलेल्या मला यातलं काहीच उमगत नव्हतं, आणि मनात भीती बसली होती. आईला फिजिओथेरपीसाठी ठाण्याला मीच नेते. इंजिन बंद पडलं की ब्रेकचं काय होतं, हे मला याच दिवसांत कळलं. पाय नुसता टेकवला तरी ब्रेक लागतो, तो इंजिनमध्ये तयार होणाऱ्या व्हॅक्यूमच्या जोरावर. इंजिन थांबल्यावर बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो. त्यानंतर पेडल कडक होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण सगळी ताकद लावून दाबावा लागतो. स्टिअरिंगही जड होतं. पुढे टेम्पो, मागे गोदामांकडे निघालेला कंटेनर आणि मेट्रोच्या कामाने अरुंद झालेला रस्ता, अशा ठिकाणी हे घडायचं. गाडी अशी बंद पडत असताना ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

सल्ले पुष्कळ मिळाले. कोणी म्हणालं पेट्रोलमध्ये पाणी असेल. कोणी वीस टक्के इथेनॉलला दोष दिला. शेजारच्या काकांचा संशय बॅटरीवर होता. एका गॅरेजात बोनेट उघडायच्या आधीच पेट्रोल पंप बदलायला सांगितला, दुसरीकडे गाडीचा कॉम्प्युटर गेला असं ठरलं. प्रत्येकाचं ऐकताना ते खरंच वाटायचं. कुणाचं खरं मानायचं हे ठरवायला माझ्याकडे कसलंही माप नव्हतं, आणि त्या काळात मला सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असेल तर तो याचा.

नारपोलीच्या बाजूला एका यंत्रमागाच्या शेडला लागून चाचांचं गॅरेज आहे. कुर्ल्याला तेव्हा बनणाऱ्या पद्मिनी गाड्यांवर ते काम शिकले. मागांचा खडखडाट इतका, की त्यांच्याशी बोलायचं तर जवळ जाऊन, आवाज चढवूनच बोलावं लागतं. त्यांनी बोनेटला हात लावला नाही. आधी विचारलं, “ताई, का बंद पडते ते आपण मागून बघू. कधी बंद पडते ते सांगा.”

मग एकेक प्रश्न. सकाळी थंड इंजिनवर की तापल्यावर? तापल्यावर. चालताना झटके देते? नाही. चढावर ओढते? व्यवस्थित. एसी लावला की? जास्त. पेट्रोल भरल्यावर लगेच होतं का? त्याचा काही संबंध दिसत नाही.

“मग पंप राहू द्या,” ते म्हणाले.

कारण साधं होतं, पण मला कोणी सांगितलं नव्हतं. पंप अशक्त झाला तर गाडी आधी तिथे हरते जिथे पेट्रोल सर्वांत जास्त लागतं, म्हणजे चढावर आणि वेगात. जागेवर उभं राहून चालणाऱ्या इंजिनला पेट्रोल सर्वांत कमी लागतं. चढावर ओढणारी आणि सिग्नलला मरणारी गाडी पंपाकडे बोट दाखवत नाही. माझ्या तक्रारीतच अर्धं निदान होतं, हे ऐकून मला धीर आला.

जागेवर नुसतं चालत राहणं, हे इंजिनसाठी सोपं काम असेल असं मला वाटायचं. ते तसं नाही. सायकल जितकी हळू चालवावी तितका तोल सांभाळणं अवघड होतं, तसंच इथे. पाय काढला की हवेच्या वाटेवरचा थ्रॉटलचा पडदा जवळजवळ मिटतो. इंजिनला स्वतःचं घर्षण भागवून जेमतेम फिरत राहता येईल एवढीच हवा आत जाते, बहुतेक एका बाजूच्या बारीक वाटेने. त्या वाटेवर एक छोटी मोटर असते, गॅरेजात तिला स्टेपर म्हणतात. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, हेडलाइट लावले, की इंजिनवर भार येतो. कॉम्प्युटर तेवढ्याच क्षणी स्टेपरला ती वाट जरा जास्त उघडायला सांगतो. उघडली तर काटा किंचित डुलून सावरतो. नाही उघडली तर इंजिन गुदमरतं.

एअर फिल्टर काढला तेव्हा मला वाटलं, सापडलं. कागदाच्या घड्यांमध्ये करड्या तंतूंचा थर बसला होता. भिवंडीत राहणाऱ्याला तो ओळखावा लागत नाही. मागांच्या गल्ल्यांमध्ये तो खिडक्यांच्या जाळ्यांवर, विजेच्या तारांवर, झाडांच्या पानांवरही असतो. चाचांनी फिल्टर नवा घातला, पण सांगितलं की आजार याचा नव्हे. तुंबलेल्या फिल्टरचा फटका पिकअपला बसतो, जेव्हा इंजिन भरपूर हवा मागतं. उभ्या गाडीला लागणारी एवढीशी हवा घाण फिल्टरमधूनही मिळते. त्यांचं खरं निघालं. नव्या फिल्टरने गाडी रस्त्यावर जरा मोकळी झाली आणि रांगेत पूर्वीसारखीच बंद पडली.

पुढची तपासणी मला फार आवडली. मागांच्या आवाजात इंजिन ऐकू येत नव्हतं, म्हणून चाचांनी सायलेन्सरच्या तोंडापाशी तळवा धरला आणि मलाही धरायला लावला. ऊब जाणवली, आणि तिच्यात एक ठेका. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तर त्या ठेक्यात ठरावीक अंतराने खळ पडतो. माझ्या हाताला खळ लागला नाही. वेग कमीजास्त होत होता, ठोके मात्र सगळे पडत होते. मग खात्री करण्यासाठी त्यांनी तिन्ही सिलिंडरांच्या इंजेक्टरांची सॉकेट्स एकेक करून काढली आणि परत लावली. चांगल्या सिलिंडरचं पेट्रोल तोडलं की इंजिन लगेच खाली बसतं. जो सिलिंडर मुळातच काम करत नाही, त्याचं तोडलं तर काही फरक पडत नाही. तिन्हींना इंजिन सारखंच खचलं. कॉइलचं सॉकेट काढूनही हे करता येतं, पण मग न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो, म्हणून ते इंजेक्टरच काढतात.

प्लगही पाहिले. तिन्हींच्या टोकांना फिकट तपकिरी रंग होता. काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असतं तर हवा जास्त, ओला असता तर ठिणगीच नाही. या सगळ्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की दोष एका सिलिंडरचा नाही. तिघांना मिळून जे मिळतं त्यात आहे. प्लग, कॉइल, इंजेक्टर अशी सगळी यादी त्या एका तपासणीत बाद झाली. इतक्या सुट्या भागांवर होणारा खर्च एका विचाराने वाचतो, हे मी तोवर कुठेच पाहिलं नव्हतं.

थ्रॉटल बॉडीवरची जाड रबरी नळी काढली. पितळी पडद्याच्या कडेला काळं, चिकट कडं जमलं होतं. स्टेपर काढला तर त्याचं टोक आणि बाजूची वाट दोन्ही कार्बनने बुजत आलेली. इंजिनमधली तेलाची वाफ तिथे येऊन बसते, आणि तासन्तास रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं असा चाचांचा अनुभव आहे. कल्याण नाका, अंजूरफाटा, माणकोली, रांजणोली हा ज्यांचा रोजचा रस्ता, त्यांच्या गाड्यांना ही सफाई पुस्तकात लिहिलेल्या वेळेआधी लागते. थ्रॉटलसाठीच मिळणारा स्प्रे, मऊ कापड, जुना टूथब्रश. खरवडायला स्क्रू ड्रायव्हर अजिबात वापरायचा नाही, पडद्याच्या कडेवर ओरखडा पडला तर तो कायमचा.

सगळं जोडून गाडी सुरू केली आणि काटा १५०० वर जाऊन बसला. इतके दिवस मरणारं इंजिन आता घोंघावत होतं. मी घाबरले. चाचा शांत होते. वाट बुजत गेली तसा कॉम्प्युटर स्टेपरला हळूहळू अधिक उघडं धरायला शिकला होता. वाट मोकळी झाली, त्याची सवय मात्र जुनीच. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून थोड्या वेळाने लावलं, अॅक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत तसंच चालू दिलं, म्हणजे ते नव्याने शिकतं. काटा उतरला. पण ११०० वर अडला आणि तिथे वरखाली डोलत राहिला.

गाडी बंद पडणं थांबलं होतं. घेऊन जाते म्हटलं असतं तर चाललं असतं. चाचांना ते पटत नव्हतं. त्यांनी भाच्याला स्कॅनर घेऊन बोलावलं. भारतात २०१३ पासून नव्या गाड्यांना गाडीतच बसवलेली, दुसऱ्या टप्प्याची निदानव्यवस्था (ओबीडी-२) आली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तार जोडली की कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचता येतात. माझ्या गाडीत एकही कोड नव्हता. मला वाटलं यंत्र म्हणतंय सगळं ठीक आहे. भाच्याने स्कॅनरच्या पडद्यावरचा दुसराच आकडा दाखवला. स्टेपर जवळजवळ पूर्ण मिटला होता. म्हणजे कॉम्प्युटर हवा बंद करा म्हणत होता आणि इंजिनला तरीही हवा मिळत होती. “कुठून तरी एअर घेतेय,” तो म्हणाला. सेन्सर ज्याला असेल त्याचीच नोंद होते, आणि साध्या रबरी नळीवर कोणी सेन्सर बसवत नाही.

नळ्या शोधायला सुरुवात झाली तेवढ्यात वीज गेली. शेजारचे माग एकामागून एक थांबले आणि गल्लीत शांतता झाली. इंजिन चालूच होतं. चाचांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. इंजिनच्या मागच्या अंगाने एक बारीक, अखंड सुसकारा येत होता. एरवी तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी पक्कडीच्या जबड्याला फडकं गुंडाळलं आणि एकेक नळी हलकेच दाबली. ब्रेक बूस्टरची दाबली, फरक नाही. तिच्या खालची एक वाकडी नळी दाबली, काटा झपकन उतरला आणि डोलणं थांबलं. काढून पाहिली तर वरून धडधाकट, पोटाकडून बोटाच्या पेराएवढी चिरलेली. इंजिन हललं की ती चीर उघडायची, मिटायची. काट्याचं डोलणं त्यातून होतं.

ती पीसीव्हीची नळी. पिस्टनच्या कडेने खाली उतरणारे वायू आणि तेलाची वाफ पूर्वी सरळ रस्त्यावर सोडून देत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला कंटाळून कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही वाफ परत इंजिनमध्येच जाळायची सोय गाड्यांना घालायला लावली, आणि हळूहळू ती जगभर गेली. मला ही नळी फार मोलाची वाटते. आपल्या श्वासात येऊ शकणारं विष ती उचलून नेते. पण तेल आणि उष्णता सोसून तिचं रबर झिजतं, आणि ती इतकी आत असते की नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता कोडं सुटलं. माझ्या गाडीत बिघाड दोन होते आणि ते एकमेकांना सांभाळून घेत होते. कार्बनने हवेची वाट बुजत होती, फाटकी नळी तेवढीच हवा चोरून आत सोडत होती. दोन्ही मिळून गाडी थरथरत का होईना, उभी राहायची. पण चिरेतून येणारी हवा कोणाच्या हुकमात नव्हती. एसीचा भार आला की ज्या वाटेने वाढीव हवा यायची ती बुजलेली, म्हणून बंद. आणि वाट साफ केली तेव्हा चोरून येणारी हवा एकदम जास्त झाली. एकच दोष शोधणाऱ्या कुणालाही यातलं पूर्ण उत्तर मिळालं नसतं. चाचा एका वेळी एकच गोष्ट बदलत होते, आणि प्रत्येक बदलानंतर काटा कुठे गेला ते पाहत होते. पंप, प्लग आणि फिल्टर एकदम बदलले असते, तर कशाने काय झालं ते कधीच कळलं नसतं.

चिरलेल्या नळीला टेप लावू दिली नाही, आणि साधा पेट्रोलचा पाइप कापून बसवायलाही त्यांनी नकार दिला. व्हॅक्यूमने तो आत चिकटतो आणि वळणावर दुमडतो. कल्याण नाक्याजवळच्या दुकानातून त्याच आकाराची नळी आणली, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा लावल्या. पुन्हा टर्मिनल, पुन्हा शिकवणी. काटा ८०० वर स्थिर झाला. भाच्याने स्कॅनरवर स्टेपर दाखवला, तो आता ना पूर्ण मिटलेला, ना पूर्ण उघडा. एसी लावला, काटा थोडा खाली गेला आणि ८५० वर सावरला. हेडलाइट, मागचा डीफॉगर, स्टिअरिंग पूर्ण वळवून धरणं, सगळे भार एकदम दिले. गाडी चालू राहिली.

तेव्हापासून माणकोलीची रांगही पाहिली आणि भर पावसातलं अंजूरफाट्याचं खोळंबणंही. बंद पडली नाही. उभी असताना किंचित हादरा अजून जाणवतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडा तो असतोच, बाकीचा इंजिनच्या उजव्या माउंटिंगचा आहे, त्याचं रबर दबलंय. ते मागवलं आहे. आलं की चाचांकडे जायचं.